रक्तशर्करेचा आकडा कोणाचा? सतत ग्लुकोज मापनाचा इतिहास आणि मधुमेही रुग्ण

बीजसंज्ञा : मधुमेह, मूत्रपरीक्षा, ग्लुकोमीटर, सतत ग्लुकोज मापन, संवेदक, रुग्णाचा सहभाग

प्रस्तावना

जून १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिनिमेड या कंपनीच्या एका उपकरणास मान्यता दिली. मधुमेही व्यक्तीच्या पोटाच्या त्वचेखाली एक बारीक संवेदक बसवायचा, तो तारेने कमरेच्या छोट्या पेटीला जोडायचा आणि तीन दिवस तसाच ठेवायचा, अशी ही योजना होती. दर ५ मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला २८८ नोंदी त्या पेटीत साठत. मधुमेहाच्या इतिहासात प्रथमच रक्तशर्करेचा दिवसरात्र चालणारा आलेख घरी वावरणाऱ्या माणसाकडून मिळू लागला. मात्र या पेटीवर ग्लुकोजचा चालू आकडा दिसत नसे. तीन दिवसांनी रुग्ण दवाखान्यात जाई, तेथे नोंदी संगणकावर उतरवल्या जात आणि मग परवा रात्री तीन वाजता आपली शर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली होती, हे त्याला समजे. संवेदक त्याच्या शरीरात होता, पेटी त्याच्या कमरेला होती; ज्ञान मात्र दुसऱ्याच्या टेबलावर होते.

वैद्यकातील मापनयंत्रांचा इतिहास बहुधा वाढत्या अचूकतेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जुने साधन ओबडधोबड, नवे साधन सूक्ष्म, अशी ती सरळ चढण असते. रक्तशर्करेच्या मापनाला हे वर्णन अपुरे पडते. येथे प्रत्येक टप्प्यावर 'किती अचूक?' या प्रश्नाइतकाच 'आकडा कोणी पाहायचा?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरलेला दिसतो. किंबहुना अनेकदा पहिल्या प्रश्नाच्या आडून दुसरा प्रश्न लढवला गेला. मूत्रपरीक्षेपासून सतत ग्लुकोज मापनापर्यंतचा प्रवास या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मूत्रपरीक्षेचा काळ

मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये चरकसंहितेने नोंदविले आहे. युरोपात थॉमस विलिस याने १६७४ मध्ये मधुमेही मूत्राच्या गोडव्याचे वर्णन केले. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये असे मूत्र आटवून त्यातून साखर मिळते, हे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फेलिंगचे द्रावण आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅनली बेनेडिक्टचे. विज्ञान शाखेत शिकलेल्या कोणाही प्राध्यापकास बेनेडिक्टच्या परीक्षेची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. निळे द्रावण तापविल्यावर हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत जाते, त्यावरून साखरेचे प्रमाण अजमावले जाते.

१९२१ मध्ये टोरोंटो येथे बॅंटिंग, बेस्ट, मॅक्लाऊड आणि कॉलिप यांच्या कार्यातून इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका चौदा वर्षांच्या मुलास देण्यात आले. या घटनेने मापनाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत मापन निदानापुरते होते. आता ते रोजच्या मात्रेसाठी आवश्यक झाले. बॉस्टनचे एलियट जॉस्लिन यांनी इन्सुलिनपूर्व काळातच, १९१८ मध्ये, रुग्णांसाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले होते. रुग्णाने स्वतःच्या मूत्राची परीक्षा स्वतः करावी आणि तिची नोंद ठेवावी, हा त्यांच्या शिकवणुकीचा एक आधारस्तंभ होता. त्यांच्या लेखी मधुमेही रुग्ण हा विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याच्या हाती परीक्षानळी देण्यात त्यांना वावगे वाटले नाही.

पुढे ही परीक्षा आणखी सोपी झाली. १९४१ मध्ये आलेल्या 'क्लिनिटेस्ट' गोळीने स्पिरिटच्या दिव्याची गरज संपवली. मूत्राचे पाच थेंब आणि पाण्याचे दहा थेंब यांत गोळी टाकली की मिश्रण आपोआप उकळे. १९५६ मध्ये 'क्लिनिस्टिक्स' ही बुडवून वाचायची पट्टी आली. भारतात मात्र बेनेडिक्टचे द्रावण दवाखान्यांतून आणि घरांतून त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिले. ते स्वस्त होते आणि गावातल्या औषधविक्रेत्याकडेही मिळू शके.

मूत्रपरीक्षेचे दोष गंभीर होते. रक्तातील ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याखेरीज ते मूत्रात उतरत नाही, आणि ही मर्यादाही व्यक्तीगणिक बदलते. शिवाय मूत्राशयातील मूत्र हे गेल्या काही तासांचा साठा असते. त्यावरून आत्ताची स्थिती कळत नाही. सर्वांत मोठा दोष असा की निळ्या रंगाचा अर्थ 'साखर योग्य' असाही होई आणि 'साखर प्राणघातक कमी' असाही होई. इन्सुलिन घेणाऱ्यास ज्याची भीती सर्वाधिक, तेच या परीक्षेला दिसत नव्हते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. परीक्षा ओबडधोबड होती तोवर ती रुग्णाच्या घरात होती. रक्ताची अचूक परीक्षा शक्य झाली तेव्हा ती प्रयोगशाळेत गेली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अल्प रक्तातून शर्करा मोजण्याच्या पद्धती विकसित होत गेल्या, पण त्यांना शिरेतून रक्त काढणारा माणूस, रसायने आणि प्रशिक्षित हात लागत. परिणामी खरा आकडा महिन्यातून किंवा वर्षातून काही वेळा, बहुधा सकाळी उपाशीपोटी, दवाखान्यात मिळे. मधल्या काळात रुग्ण रंगांवर भागवी. अचूकतेची किंमत म्हणून रुग्णाने आकड्यावरचा हक्क गमावला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

बोटाचे रक्त आणि एका अभियंत्याचा हट्ट

१९६४ मध्ये एम्स या कंपनीने 'डेक्स्ट्रोस्टिक्स' ही रक्तासाठीची पट्टी बाजारात आणली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, बरोबर ६० सेकंद थांबायचे, पाण्याने रक्त धुऊन काढायचे आणि उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. पट्टी डॉक्टरांच्या वापरासाठी होती. रंग डोळ्यांनी वाचण्यात चूक होते म्हणून परावर्तित प्रकाश मोजणारे यंत्र त्याच कंपनीने सुमारे १९७० मध्ये तयार केले. त्याचे वजन किलोभराहून अधिक होते, किंमत शेकडो डॉलर होती आणि तेही रुग्णालयांसाठी व डॉक्टरांसाठीच होते. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस मद्याच्या अमलाखाली आहे की मधुमेही आहे, हे झटपट कळावे, असा एक उपयोग त्यात अभिप्रेत होता.

या यंत्राची जाहिरात रिचर्ड बर्नस्टाईन या अमेरिकन अभियंत्याच्या पाहण्यात आली. १९४६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना मधुमेह जडला होता आणि तिशीतच त्याच्या गुंतागुंतींनी ते ग्रासले होते. त्यांना यंत्र विकत घ्यायचे होते. रुग्णास ते विकले जात नव्हते. बर्नस्टाईन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावाने यंत्र मागविण्यात आले. बर्नस्टाईन यांनी दिवसातून पाच ते आठ वेळा स्वतःची रक्तशर्करा मोजण्यास सुरुवात केली, आणि अभियंता ज्याप्रमाणे एखाद्या यंत्रणेचे आदान व परिणाम तपासतो, त्याप्रमाणे कोणत्या आहाराने शर्करा किती चढते व इन्सुलिनच्या एका एककाने किती उतरते, हे त्यांनी नोंदवून काढले. आपली प्रकृती सुधारल्याचे त्यांनी लिहिले. मात्र त्यांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारले नाहीत. अखेर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर बनले.

ही कथा बर्नस्टाईन यांच्याच लेखनातून प्रसृत झालेली आहे, आणि आत्मकथनाला नायक लागतो हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवलेले बरे. त्यांच्या आहारविषयक मतांबद्दल वैद्यकात आजही मतभेद आहेत. तरीही त्यातील मूळ तपशील बोलका आहे. ज्या माणसाला आकड्याची गरज होती त्याला तो मिळविण्यासाठी प्रथम पत्नीची पदवी आणि नंतर स्वतःची पदवी लागली.

रुग्णाने स्वतः रक्त तपासण्यास घेतले जाणारे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. पट्टीवरील थेंब लहान पडला किंवा वेळ चुकली तर आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जीव धोक्यात येतो. पण 'रुग्ण आकड्यांच्या नादी लागून घाबरट होईल' हाही आक्षेप त्यात होता, आणि तो मापनाविषयीचा नसून रुग्णाविषयीचा होता. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लंडन आणि नॉटिंगहॅम येथील दोन गटांचे अहवाल प्रसिद्ध झाले. सामान्य रुग्ण घरी बोटातून रक्त काढून पुरेशा विश्वासार्हतेने शर्करा मोजू शकतात आणि त्यामुळे नियंत्रण सुधारते, असे त्यांत दिसून आले. यानंतर वारे फिरले. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड व क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी मांडलेल्या विद्युत-रासायनिक पद्धतीवर आधारलेले, पेनाच्या आकाराचे मीटर १९८७ मध्ये बाजारात आले, आणि किलोभराचे यंत्र खिशात मावू लागले.

नियंत्रणाची किंमत

शर्करा काटेकोरपणे सांभाळल्याने डोळे व मूत्रपिंडे खरोखर वाचतात का, हा वाद मात्र अनेक दशके चालू होता. त्याचा निकाल १९९३ मध्ये लागला. अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या, डीसीसीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात निम्म्या रुग्णांनी दिवसातून किमान चार वेळा शर्करा मोजून इन्सुलिनची मात्रा ठरविली, तर निम्म्यांनी तेव्हाचे रूढ उपचार घेतले. ज्यांच्या दृष्टिपटलावर आरंभी विकार नव्हता त्यांच्यात तो उद्भवण्याचा धोका काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटला.

या यशाचा दुसरा परिणाम तितकाच मोठा होता. काटेकोर गटात शर्करा अतिशय घटून दुसऱ्याची मदत लागावी अशा प्रसंगांचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. चार वेळा मोजणे म्हणजे दिवसातील चार क्षण जाणणे. दोन मोजण्यांच्या मधे, विशेषतः झोपेत, काय घडते ते अंधारातच राही. सतत मापनाची खरी गरज या अभ्यासाने निर्माण केली. शर्करा खाली ठेवा असे शास्त्र सांगू लागले आणि खाली ठेवताना ती कोठवर घसरते हे पाहण्याचे साधन रुग्णाजवळ नव्हते.

याच काळात दुसरा एक आकडा प्रतिष्ठित झाला. ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे, म्हणजे एचबीए१सीचे प्रमाण मधुमेहात वाढते, हे सॅम्युएल रहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरान येथे दाखविले आणि १९७६ मध्ये त्याचा शर्करानियंत्रणाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा हा आकडा उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तो प्रयोगशाळेतून येतो, मागे वळून पाहतो आणि तपासनीसाचे काम करतो. रुग्णाच्या वहीतील नोंदींपेक्षा हाच आकडा अधिक खरा मानला जाऊ लागला. सरासरीत मात्र चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. रोज रात्री घामाघूम होऊन उठणाऱ्याची सरासरी उत्तमही दिसू शकते.

विद्युताग्रापासून दंडावरच्या संवेदकापर्यंत

सतत मापनाचे तांत्रिक मूळ १९६२ मध्ये सापडते. लेलँड क्लार्क व चॅम्प लियॉन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या विद्युताग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा पातळ थर बसविण्याची कल्पना मांडली. बुरशीपासून मिळणारे हे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजचे रूपांतर करते आणि त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. किती ऑक्सिजन खर्ची पडला किंवा किती पेरॉक्साइड निर्माण झाले, हे विद्युतप्रवाहाच्या रूपाने मोजले की ग्लुकोजचे प्रमाण कळते. आजचे बहुतेक संवेदक याच तत्त्वाची अपत्ये आहेत. १९८२ मध्ये ओसाका येथील मोतोआकी शिचिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईच्या आकाराचा संवेदक त्वचेखाली बसवून अंगावर बाळगता येणारी कृत्रिम स्वादुपिंड यंत्रणा दाखविली. प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास पुढे आणखी १७ वर्षे लागली.

विलंबाची कारणे शरीरातच होती. संवेदक रक्तवाहिनीत नसतो. तो पेशींच्या दरम्यानच्या द्रवात असतो. या द्रवातील ग्लुकोज रक्तामागून काही मिनिटांनी बदलते. जेवणानंतर शर्करा वेगाने चढत असताना किंवा व्यायामात उतरत असताना दोन्ही आकडे जुळत नाहीत. शरीर परक्या वस्तूला वेढून टाकू पाहते, त्यामुळे संवेदकाचा प्रतिसाद बदलत जातो. जुन्या संवेदकांना पॅरासिटामॉलची एक गोळीही चकवीत असे. झोपेत संवेदकावर अंगाचा भार पडला तर आकडा उगाच खाली येतो, आणि रात्री वाजलेली सूचना खरी की कुशीवर झोपल्याची, हे ठरविण्यासाठी शेवटी बोटच टोचावे लागते.

या पार्श्वभूमीवर १९९९ च्या पेटीवर आकडा का नव्हता, याचे उत्तर देता येते. हृदयाच्या ठोक्यांची चोवीस तास नोंद करणाऱ्या होल्टर यंत्राच्या धर्तीवर तिची रचना होती. ती निदानाचे साधन मानली गेली, जगण्याचे नव्हे. संवेदकाचा मेळ घालण्यासाठी रुग्णाने दिवसातून चार वेळा बोट टोचून ते आकडे पेटीत भरावेत, अशी अपेक्षा होती. म्हणजे रुग्ण यंत्राला आकडे देत होता आणि यंत्र रुग्णाला देत नव्हते. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेऊ नये, ही दक्षता रास्त होती. पण आकडा झाकणे आणि आकडा दाखवून त्याची मर्यादा शिकविणे, हे दोन पर्याय तेव्हाही उपलब्ध होते. त्यांपैकी पहिला निवडला गेला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

२००१ मध्ये मान्यता मिळालेले 'ग्लुकोवॉच' मनगटावर आकडा दाखवी. त्वचेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून ते द्रव ओढून घेई. त्यामुळे त्वचा लाल होई व चुरचुरे. घाम आला की मात्र हे यंत्र नोंद घेण्याचे सोडून देई. शर्करा घटल्यावर माणसाला घाम येतो, हे लक्षात घेता याहून दुर्दैवी रचना कल्पिणे कठीण. ते लवकरच बाजारातून गेले. २००६ मध्ये डेक्सकॉमचा तीन दिवस टिकणारा, चालू आकडा दाखविणारा संवेदक आला. तरीही उपचाराचा निर्णय संवेदकावर न घेता बोटातील रक्त तपासून घ्यावा, अशी अधिकृत सूचना कायम होती. अमेरिकेत ही अट एका संवेदकापुरती प्रथम शिथिल झाली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

आकडा दिसू लागल्याने सारे प्रश्न सुटले, असेही नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२२ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात पंचवीस वर्षांवरील रुग्णांचे एचबीए१सी स्पष्टपणे सुधारले. मुले व तरुण यांच्यात तसा फरक आढळला नाही. कारण शोधता असे दिसले की आठवड्यातून सहा दिवस किंवा अधिक संवेदक लावणाऱ्यांचे प्रमाण प्रौढांत ८३ टक्के होते, तर १५ ते २४ या वयोगटात केवळ ३० टक्के. कॉलेजच्या वयातील मुलामुलींनी हे यंत्र बाजूला ठेवले. सतत वाजणारे, सतत जाब विचारणारे यंत्र अंगावर बाळगण्यास त्या वयात नकार मिळावा, यात नवल नाही. आकडा पाहण्याचा अधिकार जितका खरा, तितकाच तो न पाहण्याचा कंटाळाही खरा आहे.

२०१३ मध्ये बर्नस्टाईन यांच्या कथेची जणू दुसरी आवृत्ती निघाली. अमेरिकेतील जॉन कॉस्टिक या अभियंत्याच्या लहान मुलास मधुमेह होता. मुलाच्या संवेदकाचा आकडा जवळच्या यंत्रावर दिसे, पण कामावर गेलेल्या बापाला तो पाहता येत नसे. कॉस्टिक यांनी यंत्राच्या नोंदी इंटरनेटवरून स्वतःपर्यंत पोहोचवण्याची युक्ती काढली. इतर पालक व तंत्रज्ञ यांनी तीत भर घालून 'नाइटस्काउट' ही मुक्त प्रणाली उभी केली. आपण कंपन्यांची आणि नियामकांची वाट पाहत थांबणार नाही, अशी त्यांची घोषणा होती. पुढे दूरस्थ पाहण्याची सोय कंपन्यांनीही दिली. १९७० आणि २०१३ या दोन्ही वेळी रुग्णाच्या बाजूने अभियंते उभे राहिले ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. ज्यांच्या घरात अभियंता नव्हता त्यांना थांबणे भाग होते.

भारतातील क्रम

२०१४ मध्ये युरोपात ॲबट कंपनीचा 'फ्रीस्टाइल लिब्रे' आला. दंडावर चिकटवायचा, चौदा दिवस टिकणारा हा संवेदक कारखान्यातच जुळवून येत असल्याने रोजची बोटटोच लागत नसे. वाचक यंत्र जवळ नेले की आकडा दिसे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शर्करा घटलेल्या अवस्थेत जाणारा वेळ या साधनाने ३८ टक्क्यांनी कमी झाला.

भारतात २०१५ मध्ये आला तो 'लिब्रे प्रो'. संवेदक तोच, चौदा दिवस तेच, दर १५ मिनिटांनी एक याप्रमाणे सुमारे १३४० नोंदी. पण वाचक यंत्र डॉक्टरांजवळ राही. रुग्ण चौदा दिवस संवेदक बाळगून परत येई आणि मग आलेख छापला जाई. रुग्णाला स्वतः पाहता येणारा लिब्रे भारतात २०२० मध्ये उपलब्ध झाला. युरोपात रुग्णाच्या हाती असलेले साधन भारतात आधी डॉक्टरांच्या हाती आले आणि मधे पाच वर्षे गेली.

या क्रमाला आर्थिक तर्क आहे. एक वाचक यंत्र दवाखान्यात ठेवून शेकडो रुग्णांना प्रत्येकी एकच संवेदक लावता येतो. स्वतःसाठी वर्षभर मापन करायचे तर सुमारे २६ संवेदक लागतात आणि त्यांचा खर्च बहुतांश कुटुंबांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. शिवाय चौदा दिवसांच्या झाकलेल्या आलेखातूनही डॉक्टरांना पुष्कळ कळते, विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात. तरीही पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाची आई रात्री दोन वाजता उठून त्याचे बोट टोचते, तिच्यासाठी पंधरा दिवसांनी मिळणारा आलेख ही वेगळीच वस्तू आहे.

देशातील समस्येचे आकारमान आता ज्ञात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्रातील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के व मधुमेहींची संख्या सुमारे ६० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी निष्कर्षांनुसार मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. या सर्वेक्षणात घरोघरी बोटातील रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरवर तपासण्यात आला होता. अर्धशतकापूर्वी जे साधन रुग्णास विकण्यास नकार मिळत होता, त्यानेच देशाची मोजदाद केली. स्वस्त पट्टीसाठी देशी प्रयत्नही झाले. जानेवारी २०१४ मध्ये आयआयटी मुंबई येथे विकसित झालेला 'सुचेक' आणि बिट्स पिलानीच्या हैदराबाद परिसरातील 'क्विकचेक' हे ग्लुकोमीटर परिषदेने पुढे आणले.

मोजण्याचा लाभ सर्वांना सारखा होतो, असे मात्र पुरावा सांगत नाही. इन्सुलिन न घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींवरील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात घरी रक्त तपासण्याने नियंत्रणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याचे कारण उघड आहे. आकडा पाहून ज्याला मात्रा बदलता येते, त्याच्या हाती आकडा हे साधन असते. ज्याला काहीच बदलता येत नाही, त्याच्या हाती ती केवळ चिंता असते. ताटात काय पडावे हे ठरविण्याची मुभा नसलेल्या स्त्रीच्या दंडावर संवेदक लावून आलेख मिळेल, नियंत्रण मिळेलच असे नाही.

आकड्याचे नवे राखणदार

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सतत मापनासाठी नवा निकष सुचविला. ७० ते १८० मिलिग्रॅम या पट्ट्यात दिवसाचा किमान ७० टक्के वेळ जावा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ जावा, असे बहुतेक रुग्णांसाठी उद्दिष्ट ठरले. सरासरीच्या जागी वेळेचे माप आले, आणि हे माप रुग्णाच्या अंगावरील संवेदकातूनच निघते, प्रयोगशाळेतून नव्हे. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व प्रौढांना सतत मापनाची सोय द्यावी, अशी शिफारस केली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या पहिल्या संवेदकास, इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांपुरती, परवानगी मिळाली. ज्याला सर्वाधिक गरज त्याला आकडा मिळवण्यासाठी तीस-चाळीस वर्षे झगडावे लागले आणि ज्याला गरज कमी त्याला तो दुकानातून मिळू लागला, हा या इतिहासातील चमत्कारिक भाग होय.

आकडा झाकण्याचा काळ संपला म्हणून आकड्यावरील मालकीचा प्रश्न संपलेला नाही. बेनेडिक्टच्या परीक्षेचा रंग नळी धुतली की नाहीसा होई. वहीतील नोंद रुग्णाच्या कपाटात राही. आजच्या संवेदकांच्या नोंदी बहुधा भ्रमणध्वनीमार्गे कंपनीच्या संगणकांत जमा होतात, आणि त्या कोणी, किती काळ, कशासाठी वापराव्यात याच्या अटी रुग्ण क्वचितच वाचतो.

महाविद्यालयांपुढे हा विषय परीक्षेच्या वेळी उभा राहतो. नव्या संवेदकाचा आकडा भ्रमणध्वनीवर दिसतो आणि परीक्षागृहात भ्रमणध्वनीस बंदी असते. पेपरच्या ताणात शर्करा चढते किंवा न्याहारी चुकल्याने उतरते, आणि तीन तास त्या विद्यार्थ्याला आपल्याच दंडावरील नोंद पाहता येत नाही. काही संवेदकांसोबत आकडा दाखविणारे स्वतंत्र वाचक यंत्र मिळते; ते टेबलावर ठेवू द्यायचे, सोबत साखरेच्या गोळ्या असू द्यायच्या, तर परीक्षेच्या आधी केंद्रप्रमुखांकडे वैद्यकीय प्रमाणपत्र पोहोचलेले असावे लागते आणि त्या खोलीतील पर्यवेक्षकास ते यंत्र कशाचे आहे हे ठाऊक असावे लागते.